शस्त्रक्रियेनंतर पाठीत ठेवलेली नळी आणि जंतुसंसर्ग : रुग्णाच्या घरच्यांनी काय पाहावे

मंडळाच्या आरोग्यविषयक माहितीच्या पानासाठी हा लेख लिहिला आहे. प्रथमच सांगतो, मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षे बँकेत नोकरी करून निवृत्त झालो. परंतु मागील वर्षी आमच्या घरात जो प्रसंग आला, त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचले, दोन भूलतज्ज्ञांकडून समजून घेतले आणि सभासदांच्या उपयोगी पडेल एवढे येथे एकत्र केले आहे. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांकडे कधी धावायचे आणि गेल्यावर काय सांगायचे, एवढेच यातून समजावे ही अपेक्षा.

प्रसंग असा. माझे थोरले साडू, वय एकाहत्तर, मधुमेह जुना. येथे इंदूरमध्येच त्यांच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. वेदना कमी राहावी म्हणून पाठीत एक बारीक नळी ठेवली होती, ती चौथ्या दिवशी काढली. आठव्या दिवशी ते घरी आले. सगळे ठीक होते. त्यानंतर चार-पाच दिवसांनी पाठ दुखू लागली. आम्ही सर्वांनी मिळून निदान केले की रुग्णालयातील पलंगामुळे उसण भरली असेल. गरम पाण्याची पिशवी झाली, तेल लावून झाले, शेजारच्या दवाखान्यातून दुखण्याच्या गोळ्याही आल्या. एकालाही त्या नळीची आठवण झाली नाही. ती आठवण झाली सूनबाईंना. त्या प्रसंगाचे पुढे काय झाले ते लेखात ओघाने येईल.

एपिड्युरल म्हणजे नेमके काय

आपल्या पाठीच्या मणक्यांमधून मज्जारज्जू खाली जातो. त्याच्याभोवती आवरणे आहेत. सर्वांत बाहेरचे आवरण जाड आणि चिवट असते. या आवरणाच्या बाहेर आणि मणक्याच्या हाडांच्या आत एक अरुंद पोकळी असते. तिच्यात चरबी आणि बारीक रक्तवाहिन्या असतात, आणि शरीराकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची मुळे तिच्यातून जातात. या पोकळीला एपिड्युरल पोकळी म्हणतात.

भूलतज्ज्ञ पाठीची कातडी बधिर करून एका विशिष्ट सुईने या पोकळीपर्यंत पोहोचतात. सुईतून दोऱ्यासारखी बारीक प्लॅस्टिकची नळी आत सरकवतात आणि सुई काढून घेतात. नळीचा काही सेंटीमीटर भाग पोकळीत राहतो, उरलेला पाठीवरून चिकटपट्टीने खांद्यापर्यंत आणतात. त्याच्या टोकाला औषधाचा पंप जोडतात. बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन यांसारखे बधिर करणारे औषध, बहुधा फेंटानिलच्या थोड्या मात्रेसह, हळूहळू आत जात राहते. त्यामुळे त्या भागातून येणारी वेदना मेंदूपर्यंत पोहोचत नाही आणि रुग्ण जागा राहतो.

पुष्कळ जण याची आणि साध्या कमरेच्या इंजेक्शनची गल्लत करतात. ज्याला स्पायनल म्हणतात त्यात सुई आवरणाच्या आत जाते, औषध एकदाच दिले जाते आणि सुई लगेच बाहेर येते. एपिड्युरलमध्ये नळी दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त दिवस आत राहते. जंतुसंसर्गाच्या दृष्टीने हाच महत्त्वाचा फरक आहे.

ही पद्धत नवी नाही. स्पेनमधील लष्करी शल्यचिकित्सक फिदेल पाजेस यांनी १९२१ मध्ये कमरेच्या भागात एपिड्युरल देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९४७ मध्ये क्युबातील हवाना येथे मॅन्युएल मार्टिनेझ कुर्बेलो यांनी मूत्रमार्गाच्या कामासाठी वापरली जाणारी बारीक नळी सुईतून आत सोडली आणि औषध सतत देण्याची वाट मोकळी केली. आज छातीच्या व पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया, काही ठिकाणी खुब्याच्या व गुडघ्याच्या शस्त्रक्रिया आणि प्रसूती यांसाठी तिचा उपयोग होतो.

आधी फायदा समजून घ्या

धोक्याविषयी वाचून कोणी एपिड्युरलला घाबरून नकार देऊ नये, म्हणून ही बाजू आधी मांडतो. पोट किंवा छाती उघडल्यानंतर वेदनेमुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होण्याची शक्यता वाढते. वेदना आटोक्यात असेल तर तो श्वास नीट घेतो, लवकर उठून बसतो, चालू लागतो. अफूजन्य औषधे शिरेतून कमी द्यावी लागल्याने गुंगी व मळमळही कमी होते. वयस्कर माणसांसाठी हा लाभ मोठा आहे. आमच्या साडूंनाही पहिले चार दिवस त्या नळीने उत्तम आराम दिला, हे मुद्दाम नोंदवतो.

जंतू आत पोहोचतात कसे

मुख्य वाटा चार आहेत.

१. कातडीवरून. आपल्या कातडीवर जंतू नेहमीच असतात. नळी जेथून आत शिरते त्या छिद्रातून, नळीच्या कडेकडेने ते खोलवर जाऊ शकतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू अशा खोल संसर्गात सर्वाधिक सापडतो. नळी जितके दिवस राहील तितकी ही शक्यता वाढते.

२. नळीच्या जोडातून. नळी आणि पंप जेथे जोडलेले असतात तो जोड सुटला, किंवा औषधाची पिशवी बदलताना हात स्वच्छ नसले, तर जंतू थेट नळीच्या आतून जातात.

३. रक्तातून. शरीरात दुसरीकडे संसर्ग असेल, उदाहरणार्थ लघवीचा, छातीचा किंवा पायावरच्या जखमेचा, तर जंतू रक्तातून त्या पोकळीत येऊन बसू शकतात.

४. नळी बसवताना. सुई टोचणाऱ्याच्या नाका-तोंडातील जंतूही कारण ठरू शकतात. म्हणून त्या वेळी मास्क आवश्यक असतो.

औषधच दूषित असणे ही आणखी एक वाट आहे, पण ती फार विरळा. २०१२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील एका औषधनिर्मिती केंद्रात तयार झालेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनमध्ये बुरशी आढळली. ती पाठदुखीसाठी मणक्याजवळ दिलेली इंजेक्शने होती, शस्त्रक्रियेनंतरची नळी नव्हे. तरी ७५० हून अधिक लोकांना संसर्ग झाला आणि ६० हून अधिक दगावले. मणक्याजवळ जाणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक असणे किती गरजेचे आहे, हे त्यावरून जगाला कळले.

धोका किती

बँकेत असल्यामुळे मला आकडा पाहिल्याशिवाय समाधान होत नाही. दोन आकडेवारी विश्वासार्ह वाटल्या.

पहिली डेन्मार्कची, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली. त्या देशात एका वर्षात ठेवलेल्या १७,३७२ एपिड्युरल नळ्यांची पाहणी केली गेली. त्यांत ९ जणांना मणक्याजवळ पू झाला, म्हणजे १,९३० मध्ये एक. मात्र त्या नऊ जणांच्या नळ्या सरासरी ११ दिवस आत होत्या आणि त्यांतील बहुतेकांची प्रतिकारशक्ती आधीच कमी होती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरी ब्रिटनची. तेथील भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने वर्षभराची देशव्यापी पाहणी करून २००९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. वर्षात सुमारे ७ लाख रुग्णांना स्पायनल, एपिड्युरल वगैरे दिले गेले होते. संसर्ग, रक्ताची गाठ, मज्जातंतूची इजा अशी सर्व कारणे धरून कायमची हानी लाखात २ ते ४ रुग्णांना झाली. पण शस्त्रक्रियेसाठी दिलेले एपिड्युरल वेगळे काढले तर हेच प्रमाण साधारण ५,८०० मध्ये एक ते १२,२०० मध्ये एक इतके येते. म्हणजे प्रसूतीच्या वेळी तरुण निरोगी स्त्रीला दिलेले एपिड्युरल आणि सत्तरीच्या मधुमेही रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी दिलेले एपिड्युरल, यांचा धोका एका मापाने मोजू नये.

नळीच्या छिद्रापाशी कातडीला लाली येणे, थोडा पू येणे असा वरवरचा संसर्ग यापेक्षा पुष्कळ जास्त वेळा आढळतो. तो बहुधा नळी काढल्यावर बरा होतो. परंतु त्याकडे दुर्लक्ष करू नये.

तात्पर्य, धोका थोडा आहे. पण ज्याच्या वाट्याला येतो त्याला पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. आणि तो वेळेवर ओळखला तर बहुधा निभावून जाते.

कोणी जास्त सावध राहावे

- मधुमेही, विशेषतः साखर आटोक्यात नसलेले
- स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे
- कर्करोगाचे उपचार चालू असलेले
- मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुना आजार असलेले
- ज्यांच्या शरीरात आधीच कोठे संसर्ग आहे
- ज्यांची नळी बरेच दिवस ठेवावी लागली, किंवा बसवताना अनेकदा टोचावे लागले

रुग्णालयात असताना

सुई टोचताना आपण तेथे नसतो. त्या वेळी भूलतज्ज्ञांनी टोपी, मास्क, निर्जंतुक हातमोजे वापरणे, पाठ क्लोरहेक्सिडीन व अल्कोहोलच्या द्रावणाने पुसून पूर्ण वाळू देणे, भोवती निर्जंतुक कापड पसरणे अपेक्षित असते. नळीच्या टोकाला जंतू अडवणारी बारीक गाळणी बसवतात. हे सर्व ते करतातच, आपण त्यात बोलण्याचे कारण नाही.

नंतरचे दोन-तीन दिवस मात्र रुग्णाजवळ घरचे माणूस असते. त्याने एवढे पाहावे.

- पाठीवरची पारदर्शक चिकटपट्टी नीट चिकटलेली, कोरडी आणि स्वच्छ आहे का? घामाने किंवा अंग पुसताना ओली झाली, कड सुटली, तर सिस्टरना दाखवावी. आपण स्वतः दाबून चिकटवू नये, घरची पट्टी लावू नये.
- नळी पंपापासून सुटलेली दिसली तर ती उचलून पुन्हा जोडू नये. सुटलेले टोक गादीला किंवा जमिनीला लागलेले असू शकते. लगेच कळवावे. कधी सुटली ते ठाऊक नसेल तर बहुधा ती नळी काढूनच टाकतात, आणि तेच योग्य आहे.
- छिद्राभोवती लाली, सूज, पाणी किंवा पू दिसतो का? तेथे हात लागल्यावर रुग्ण दचकतो का?
- रोजच्या भेटीत डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, "नळीची अजून गरज आहे का?" गरज नसताना एक दिवसही जास्त ठेवू नये, हे सर्वमान्य आहे. पण आजच काढा असा हट्ट धरू नये. रक्त पातळ करण्याचे इंजेक्शन चालू असेल तर नळी काढण्याची वेळ त्याच्या मात्रेनुसार ठरवावी लागते. चुकीच्या वेळी काढल्यास आत रक्ताची गाठ होऊ शकते.
- नळी काढल्यावर तिचे टोक अखंड आहे का हे पाहून सिस्टर नोंद करतात. ती नोंद झाली का, हे विचारावे.

पायांबद्दल एक खुलासा. औषध चालू असताना पाय थोडे जड किंवा बधिर वाटणे अपेक्षित असते. परंतु बधिरपणा वाढत जाणे, किंवा औषध बंद करूनही न उतरणे हे अपेक्षित नाही. ब्रिटनमध्ये प्रसूत झालेल्या स्त्रियांसाठी २०२० मध्ये ठरवलेला दंडक असा आहे की शेवटच्या मात्रेनंतर ४ तासांनी पाय सरळ ठेवून उचलता आला पाहिजे. आला नाही तर तत्काळ तपासणी. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या पायांची शक्ती किती वेळात परत यायला हवी, हे आपल्या भूलतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवावे.

खरी पहारेदारी घरी असते

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. खोल संसर्गाची लक्षणे पुष्कळदा नळी काढल्यानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतात. तोवर रुग्ण घरी आलेला असतो. पाठीवरचे छिद्र बुजलेले असते, बाहेरून काहीही दिसत नाही. त्या वेळी न भूलतज्ज्ञ समोर असतात न सिस्टर. समोर असतो तो आपला घरचा माणूस आणि कोपऱ्यावरचा दवाखाना. त्या दवाखान्यातील डॉक्टरांना पाठीत नळी होती हे आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचे नाव असते, पण एपिड्युरलचा उल्लेख असेलच असे नाही. आमच्या कार्डावर नव्हता.

मणक्याजवळ पू होऊ लागला की तो पोकळीत दाब निर्माण करतो. त्याच्या चार पायऱ्या वैद्यकशास्त्रात १९४८ पासून सांगितल्या जातात.

पहिली : एकाच जागी सतत पाठदुखी. झोपूनही कमी होत नाही, रात्री वाढते, मणक्यावर टिचकी मारल्यासारखे केले तरी दुखते. ताप असू शकतो.
दुसरी : कळ पायात, छातीच्या कडेने किंवा पोटावर पट्ट्यासारखी उतरते.
तिसरी : पाय लटपटणे, मुंग्या, बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावर ताबा न राहणे.
चौथी : पाय पूर्ण लुळे पडणे.

पहिल्या पायरीपासून तिसऱ्या पायरीपर्यंत जायला काही दिवस लागू शकतात. तिसऱ्यावरून चौथीवर काही तासांतही जाता येते, आणि मग पायातील शक्ती परत येईलच असे नाही. म्हणून पहिल्या दोन पायऱ्यांवर हालचाल करायची. ताप, पाठदुखी आणि पायांची कमजोरी ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहू नये. ती सुरुवातीला एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात.

तापाबाबत एक फसगत होते. शस्त्रक्रियेनंतर पॅरासिटॅमॉल नियमित चालू असते, त्यामुळे ताप झाकला जातो. गोळी देण्याच्या आधी ताप मोजावा, नंतर नव्हे.

काय सर्वसाधारण मानावे? टोचलेल्या जागी तीन-चार दिवस हलका ठणका, थोडा निळेपणा, दिवसागणिक कमी होणारा. उठून बसल्यावर वाढणारी आणि आडवे पडल्यावर कमी होणारी डोकेदुखी आवरणाला छिद्र पडल्यामुळेही असू शकते. तीही डॉक्टरांना सांगायची असते. पण डोकेदुखीबरोबर ताप, मान ताठणे, उजेड सहन न होणे किंवा गोंधळल्यासारखे बोलणे असेल तर तो मेंदूज्वर असू शकतो. त्यात क्षणाचाही उशीर नको.

काय करू नये : पाठीला शेक देणे, तेल लावून रगडणे, घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देणे, मालिशवाल्याला बोलावणे. पहिल्या दोन गोष्टी आम्ही केल्या.

घरची नोंदवही

आम्ही आता घरातील कोणाचीही शस्त्रक्रिया झाली की साधी वही ठेवतो. नळी काढल्याच्या दिवसापासून चार आठवडे रोज सकाळी पाच ओळी लिहायच्या.

१. गोळीपूर्वी ताप किती?
२. पाठ कालपेक्षा जास्त दुखते का?
३. झोपून दोन्ही पाय एकेक करून सरळ उचलता येतात का? पायाची बोटे वर-खाली हलतात का?
४. लघवी नेहमीसारखी झाली का?
५. टोचलेली जागा कशी दिसते?

मधुमेही रुग्णाच्या तळपायांना आधीपासूनच बधिरपणा असेल तर तो पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा, म्हणजे नवे काय ते कळेल. बँकेत आम्ही रोजचा मेळ रोज घालत असू. चार दिवसांनी एकदम बसलो की चूक कोणत्या दिवसाची ते सापडत नसे. तसेच हे आहे.

शब्दांचा घोटाळा

आता साडूंच्या प्रसंगाकडे येतो. पाठदुखीच्या चौथ्या दिवशी त्यांना रात्री एका रुग्णालयात नेले. घरात आपण मराठी बोलतो, बाहेर हिंदी. पण आजारी माणसाच्या तोंडी आपलीच भाषा येते. ते म्हणाले, "पीठ में कळ आती है." ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी लिहिले की दुखणे कालपासून आहे. चार दिवसांच्या दुखण्याचे एक दिवसाचे दुखणे झाले. पुढे ते म्हणाले, "पाँव बधिर लगता है." हिंदीत बधिर म्हणजे बहिरा. डॉक्टरांनी कानाबद्दल विचारले! दुखण्याचे इंजेक्शन देऊन परत पाठवले. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयात फोन केला, तर सोमवारी तपासणीची तारीख आहेच, तेव्हा या, असे उत्तर मिळाले.

सूनबाईंनी त्या संध्याकाळी त्यांना सांगितले, "बाबा, पाय उचलून दाखवा बघू." उजवा उचलला, डावा अर्ध्यावर थरथरला. त्यांनी सोमवारची वाट पाहिली नाही. जुन्या कागदांतून भूलतज्ज्ञांचे नाव शोधले, त्यांना गाठले आणि एका वाक्यात सांगितले की पाठीतली नळी काढून बारा दिवस झाले, पाठ पाच दिवस दुखते आहे, हुडहुडी भरते आणि डावा पाय आज कमजोर आहे. त्या डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. त्याच रात्री एमआरआय झाला.

म्हणून माळव्यातील सभासदांसाठी हे शब्द देतो.

कळ : तेज़ दर्द किंवा टीस
बधिर : सुन्न
मुंग्या येणे : झुनझुनी
हुडहुडी : कंपकंपी
ताप : बुखार
पू : मवाद किंवा पस
लघवी अडणे : पेशाब रुकना
पायात जोर नाही : पैर में ताकत नहीं

बेळगाव, हैदराबाद, बडोदे येथील मंडळींनी आपापल्या गावच्या भाषेत अशीच यादी करून ठेवावी. आणि किती दिवसांपासून हे सांगताना दिवसांचा आकडा आणि तारीख सांगावी. "काल-परवापासून" असे मोघम सांगू नये.

तपासणी आणि उपचार

संशय आल्यास डॉक्टर रक्त तपासतात. पण शस्त्रक्रियेनंतर सीआरपीसारख्या तपासण्या तशाही वाढलेल्या असतात, म्हणून केवळ त्यांवर निर्णय होत नाही. निश्चित सांगणारी तपासणी म्हणजे मणक्याचा एमआरआय, शक्यतो शिरेतून रंगद्रव्य देऊन. साध्या एक्स-रेमध्ये पू दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नये. गुडघ्याचा किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा असला तरी बहुतेकांचा एमआरआय करता येतो. पेसमेकर असल्यास आधी सांगावे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तोही सांगावा.

कोणता जंतू आहे हे कळावे म्हणून अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर घेतात. घरच्या घरी अँटिबायोटिक देऊ नये याचे हे एक कारण. अर्धवट औषधाने जंतू सापडत नाही आणि आजार मात्र आत राहतो.

उपचार दोन प्रकारचे. अँटिबायोटिक, सुरुवातीला शिरेतून, एकंदर अनेक आठवडे. आणि पायांची शक्ती कमी होत असेल किंवा पू जास्त असेल तर मणक्याचा थोडा भाग काढून पू बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेपूर्वी पायांत जेवढी शक्ती शिल्लक असते, त्यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. सर्व अनुभवी डॉक्टर हेच सांगतात.

साडूंच्या मणक्याजवळ पू होता. त्याच पहाटे शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे अँटिबायोटिक चालले. डाव्या पायाला शक्ती यायला तीन महिने लागले. यंदाच्या गणेशोत्सवात ते मंडळाच्या सभागृहाचा जिना काठी टेकत चढून आले. पुष्कळांनी त्यांना काठीबद्दल विचारले. हा लेख लिहिण्याचे कारण ते प्रश्नच.

शस्त्रक्रियेपूर्वी आणि घरी येताना विचारण्याचे प्रश्न

भूलतज्ज्ञांना आधी :
- वेदनाशमनासाठी एपिड्युरल देणार का, की दुसरा पर्याय आहे?
- रुग्णाचा मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइड, अंगावरची जखम किंवा लघवीचा संसर्ग यांचा विचार झाला आहे ना? हे आपण होऊन सांगावे.
- नळी अंदाजे किती दिवस राहील?

घरी निघताना :
- एपिड्युरल दिले होते, नळी कोणत्या तारखेला घातली व कोणत्या तारखेला काढली, हे कार्डावर लिहून द्याल का?
- पाठ दुखली, ताप आला किंवा पाय कमजोर वाटला तर रात्री-अपरात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा?

कार्डावर लिहून मिळाले नाही तर आपण स्वतः एका चिठ्ठीवर लिहून ती फाईलच्या पहिल्या पानाला लावावी. पुढील चार आठवड्यांत कोणत्याही कारणाने कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, तरी पहिले वाक्य हेच असावे : पाठीत वेदनाशमनाची नळी होती, अमुक तारखेला काढली.

या वाक्याने फार तर डॉक्टरांचे एक मिनिट जास्त जाईल. आमच्या घरी ते वाक्य पाच दिवस उशिरा उच्चारले गेले, आणि त्याची किंमत म्हणून आज एक काठी आहे. ती तेवढ्यावर निभावली, हे सूनबाईंचे श्रेय. सभासदांपैकी कोणाला असा अनुभव आला असल्यास मंडळाच्या कार्यालयात जरूर कळवावा, म्हणजे या माहितीत भर घालता येईल.